पूर्वीचा पत्रा राहिला नाही

'पूर्वीचा पत्रा राहिला नाही.' कुठल्याही गॅरेजसमोर दहा मिनिटे उभे राहा, हे वाक्य कानावर पडतेच. नव्या पिकअपच्या फाळक्यावर बोटाने टिचकी मारायची, डब्यासारखा आवाज आला की मान हलवायची आणि हे वाक्य म्हणायचे. भाजीवाला म्हणतो, मंडपवाला म्हणतो, दूध घालणारा म्हणतो. ज्याचे पोट गाडीच्या हौद्यावर चालते त्याचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नये. पण ते जसेच्या तसे खरेही धरू नये. मी काही इंजिनिअर नव्हे. शब्दांच्या नादाला लागलेला साधा बी.ए. झालेला माणूस. 'दणकट' या शब्दाचा अर्थ गाड्यांच्या बाबतीत कसकसा बदलत गेला, याचे कुतूहल मला बरीच वर्षे होते. त्या कुतूहलापोटी पिकअपचा इतिहास धुंडाळला, आणि त्यात जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवात अमेरिकेतून करावी लागते, कारण पिकअप ही मूळची तिथल्या शेतकऱ्याची गाडी. हेन्री फोर्डची मॉडेल टी मोटार १९०८ साली आली आणि शेतकऱ्यांनी ती घोड्यासारखी राबवायला घेतली. मागचा भाग काढून टाकायचा, तिथे लाकडी खोका ठोकायचा आणि बाजाराला निघायचे. गिऱ्हाइकांचा हा उद्योग पाहून फोर्डने १९१७ साली 'टीटी' नावाची एक टनी चासी विकायला काढली. किंमत ६०० डॉलर. चासी म्हणजे सांगाडा, इंजिन आणि चाके. केबिन आणि हौदा ज्याचा त्याने सुताराकडून, लोहाराकडून बांधून घ्यायचा. आपल्याकडच्या ट्रकवाल्यांना यात काही नवल वाटणार नाही. चासी घेऊन बॉडी बांधायला टाकणे हा आपल्याही रस्त्यांवरचा जुना रिवाज आहे.

१५ एप्रिल १९२५ रोजी फोर्ड कंपनीने कारखान्यातच पोलादी हौदा बसवलेली गाडी जाहीर केली. तिचे कागदोपत्री नाव 'मॉडेल टी रनअबाउट विथ पिकअप बॉडी'. किंमत २८१ डॉलर. हौद्याची लांबी ५६ इंच, म्हणजे पाच फूटही नाही. पहिल्याच वर्षी अशा सुमारे ३४ हजार गाड्या तयार झाल्या.

ही गाडी दणकट होती काय? आजच्या अर्थाने मुळीच नव्हती. वीस अश्वशक्तीचे इंजिन, सदा गळणारे ऑइल, सारखे आवळावे लागणारे गिअरचे पट्टे, सिलिंडरमध्ये साचणारी काजळी. ती रोज काही ना काही मागत असे. पण कंपनीने गाडीबरोबर जे पुस्तक दिले होते ते पाहण्यासारखे आहे. ते प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिलेले होते. काजळी कशी काढायची, व्हॉल्व्ह कसे घासायचे, पट्टे कसे आवळायचे, हे सगळे मालकाने स्वतः करायचे आहे असे गृहीत धरून समजावलेले. आजच्या गाडीचे पुस्तक उघडा. ब्लूटूथला फोन कसा जोडायचा यावर ते भरभरून बोलते. बोनेटच्या खाली काही करायचे म्हटले की अधिकृत सेवा केंद्राकडे बोट दाखवते. या दोन पुस्तकांच्या मध्ये जे घडले, तोच खरे तर आपला विषय.

१९४८ साली फोर्डची 'एफ' मालिका आली. लोकांच्या आठवणीतला 'तो जाड पत्रा' साधारण या आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांतला. जाड होता हे खरे. पण त्याला गंजापासून संरक्षण असे जवळजवळ नव्हतेच. अमेरिकेच्या उत्तर भागात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मिठाने हा जाड पत्रा काही हिवाळ्यांत चाळणीसारखा होई. आणखी एक लहानशी खूण सांगतो. त्या काळच्या अमेरिकी गाड्यांच्या मीटरमध्ये मैल मोजायला पाचच आकडे असत. ९९,९९९ झाले की पुन्हा शून्य. एक लाख मैलांच्या पुढे गाडी टिकेल अशी खुद्द बनवणाऱ्याचीही फारशी अपेक्षा नसावी, असा त्याचा अर्थ मी लावतो. उलट आजचे आकडे पाहा. अमेरिकेतल्या रस्त्यांवर धावणाऱ्या मोटारी आणि पिकअप यांचे सरासरी वय १९९५ साली साडेआठ वर्षांच्या आसपास होते, ते २०२४ साली साडेबारा वर्षांच्या पुढे गेले. गाड्या खरोखरच वाईट झाल्या असत्या तर असे घडले नसते.

जाड पत्रा जीव वाचवतो, हाही एक लाडका समज. २००९ साली अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्तासुरक्षा संस्थेने १९५९ सालची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ सालची शेव्हरोले मालिबू या दोन गाड्या मुद्दाम समोरासमोर धडकवल्या. या पिकअप नव्हत्या, साध्या मोटारी होत्या. पण बेल एअरचा पत्रा त्याच जमान्यातला. धडकेत जुन्या गाडीची केबिन कागदाच्या पुडीसारखी चुरगळली आणि स्टिअरिंगमागचा पुतळा तिच्यात चेपला गेला. नव्या गाडीचे नाक पुरते गेले, आतली जागा शाबूत राहिली. नव्या पत्र्याचे चेपणे हे त्याचे कामच असते. धक्का त्याने खायचा, माणसाने नाही.

आता या कथेत एक कोंबडी येते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतली स्वस्त कोंबडी युरोपात भरमसाट जाऊ लागली. फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने तिच्यावर जबर जकात बसवली. उत्तरादाखल अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १९६४ पासून बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक या चार परदेशी वस्तूंवर २५ टक्के कर लावला. रोख होता जर्मन फोक्सवॅगनच्या मालवाहू गाड्यांवर. कोंबडीचे भांडण मिटले, बाकीच्या तीन वस्तूंवरचे करही यथावकाश गेले, हलक्या ट्रकवरचा मात्र साठ वर्षांनंतरही उठलेला नाही. तिकडे त्याला 'चिकन टॅक्स' असेच म्हणतात. जपानी कंपन्यांनी यातूनही वाट काढली होती. केबिन आणि चासी जपानहून आणायची, तिच्यावर कर कमी लागे. हौदा अमेरिकेत बसवायचा. टोयोटाने सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात हौदे बनवण्याचे कामच सुरू केले. १९८० साली सरकारने ही वाटही बुजवली. मग परदेशी कंपन्यांनी अमेरिकेतच कारखाने काढले. पण स्वस्त, साध्या, लहान पिकअप बाहेरून आणून विकण्याचा मार्ग बंद झाला तो झालाच. शेजारी दुसरे दुकान उघडू द्यायचे नाही असा बंदोबस्त झाला, की दुकानदाराची मापे हळूहळू कशी बदलतात हे आपण जाणतो. तिथल्या पिकअप मोठ्या होत गेल्या, महाग होत गेल्या, आणि साधी पिकअप मागणाऱ्याला दुकानात जागा उरली नाही.

जपान्यांची ती लहान पिकअप म्हणजे टोयोटाची हायलक्स. ती १९६८ साली आली. रत्नागिरी-रायगडकडून आखातात कामाला गेलेल्या आपल्या माणसांना तिची ओळख वेगळी करून द्यायला नको. तिकडच्या वाळूत ती वर्षानुवर्षे राबली आहे. १९८७ साली आफ्रिकेत चाड आणि लिबिया यांच्यात जी लढाई झाली तिला चक्क 'टोयोटा युद्ध' असे नाव पडले. लिबियाजवळ रणगाडे होते, चाडच्या सैनिकांजवळ हौद्यात क्षेपणास्त्रे बसवलेल्या टोयोटाच्या पिकअप आणि लँड क्रूझर. वाळवंटात त्या इतक्या चपळाईने पळाल्या की रणगाडे जागच्या जागी गारद झाले. २००३ साली बीबीसीच्या 'टॉप गिअर' या कार्यक्रमात एक जुनी हायलक्स समुद्राच्या भरतीत बुडवली, पेटवून दिली, शेवटी पाडायच्या इमारतीच्या छपरावर ठेवून इमारतच सुरुंगाने पाडली. नवा सुटा भाग न घालता, साध्या पान्या-हातोडीने खटपट करून मिस्त्रीने ती पुन्हा चालू केली. यात तमाशाचा भाग आहेच. पण गाडी चालू का झाली, तर तिच्यात चालू न होण्यासारखे फार थोडे होते. शिडीसारखी चासी, साधे डिझेल इंजिन, जुजबी वायरिंग.

इथे एखादा म्हणेल, बघा, जुने ते सोने. त्याच्यासाठी त्याच कंपनीची दुसरी गोष्ट सांगतो. टोयोटाने १९९५ साली अमेरिकी बाजारात टॅकोमा ही पिकअप आणली. इंजिन उत्तम, नाव उत्तम. पण तिच्या चासीला गंजरोधक लेप पुरेसा दिलेला नव्हता. रस्त्यावरच्या मिठाने चासीला आतून भोके पडू लागली. २००८ साली कंपनीला १९९५ ते २००० या काळातल्या सुमारे आठ लाख गाड्यांसाठी गंजाची हमी पंधरा वर्षांपर्यंत वाढवावी लागली, आणि ज्यांच्या चासी हाताबाहेर गेल्या होत्या त्यांच्या गाड्या बाजारभावाच्या दीडपट पैसे देऊन परत घ्याव्या लागल्या. पुढच्या वर्षांतल्या गाड्यांबद्दलही दावे झाले. २०१६ साली सुमारे पंधरा लाख गाड्यांसाठी ३४० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली. तेव्हा 'पूर्वी' नेमके कधीचे, हे प्रत्येकाला विचारून घ्यावे. ज्याची ती तरुणपणाची गाडी असते.

खरा बदल १९७३ च्या तेलटंचाईनंतर सुरू झाला. १९७५ साली अमेरिकेने कायदा करून, कंपनीच्या गाड्यांनी एका गॅलनमध्ये सरासरी किती मैल पळाले पाहिजे हे ठरवायला सुरुवात केली. पिकअपना सवलतीचे वेगळे माप होते, पण तेही पुढे चढत गेले. इंधन वाचवायला हवे, धूर कमी व्हायला हवा, यात कुणाचे दुमत असायचे कारण नाही. पण वजनदार गाडीला हे दोन्ही साधायचे तर दोनच उपाय. एक, वजन घटवा. दोन, इंजिनाला काटकसर शिकवा.

वजन घटवण्याचा मोठा प्रयोग फोर्डने केला. २०१५ च्या एफ-१५० गाडीची सगळी बॉडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची आली. चासी पोलादीच. गाडी जवळजवळ ३०० किलोंनी हलकी झाली. ॲल्युमिनियम तांबेरत नाही, ही जमेची बाजू. शेव्हरोलेने २०१६ साली जाहिरात काढून तिची टर उडवली: वरून दगडी ठोकळे ओतायचे आणि ॲल्युमिनियमच्या हौद्याला पडलेली भोके दाखवायची. ती जाहिरात गाजली, पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. पोलादी पत्र्याला पोचा आला तर गल्लीतला डेंटिंगवाला हातोडीने ठोकून काढतो, फाटला तर वेल्डिंग मारतो. ॲल्युमिनियमला तसे चालत नाही. पोलादाचे कण लागलेली हत्यारे त्याला वापरायची नाहीत, वेल्डिंगचे यंत्र वेगळे, शक्यतो जागाही वेगळी. गाडी कमकुवत झाली नाही. दुरुस्तीचा मान गल्लीतल्या उस्तादाच्या हातून निसटून मोठ्या वर्कशॉपकडे गेला.

काटकसरी इंजिनाची कथा याहून गुंतागुंतीची. जनरल मोटर्सच्या २००७ पासूनच्या पिकअपमध्ये आठ सिलिंडरचे इंजिन हलक्या कामाला चारच सिलिंडरवर चालावे अशी योजना आली. गाडी रिकामी पळत असेल तर चार सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडायचेच नाहीत. त्यासाठी खास टॅपेट बसवले. ऑइलच्या दाबाने त्यांच्या आतली बारीक खीळ सरकते आणि टॅपेट अर्ध्यातच दबतो. कल्पना सुरेख. पण जिथे पूर्वी साधा टॅपेट होता तिथे आता सरकती खीळ आणि तिला ढकलणाऱ्या ऑइलची बारीक वाट आली. ती अडकली तर टॅपेट जातो, टॅपेटने कॅमशाफ्ट जातो, आणि मालकाला हजारो डॉलरचे बिल येते. वाचवलेले पेट्रोल आणि हे बिल यांचा हिशेब ज्याचा त्याने मांडावा.

मग आणखी पुढची पायरी आली: इंजिन लहान करा, टर्बो लावून ताकद काढा, ऑइल पाण्यासारखे पातळ वापरा म्हणजे घर्षण कमी. हे सगळे चालते, मात्र प्रत्येक भागाचे माप केसाच्या अंशाइतके बरोबर असेल तर. चूक सोसण्याची ऐपत त्यात उरत नाही. टोयोटाने २०२२ च्या टुंड्रा पिकअपमधून आठ सिलिंडरचे इंजिन काढून तिथे सहा सिलिंडरचे, दोन टर्बोंचे इंजिन घातले. २०२४ च्या मे महिन्यात कंपनीने सुमारे एक लाख गाड्या परत बोलावल्या. कारण काय, तर कारखान्यात इंजिनाचे भाग कातताना पडलेले धातूचे कण पुरते साफ न होता आतच राहिले होते, आणि ते मुख्य बेअरिंगपर्यंत पोचून चालत्या गाडीचे इंजिन बंद पडण्याची भीती होती. २०२५ साली आणखी सव्वा लाखाच्या वर गाड्या त्याच कारणाने यादीत आल्या. साफसफाई! घरी भाकरी करताना परात पुसून घेतात, तेवढ्याच महत्त्वाची गोष्ट.

२०२५ च्याच एप्रिलमध्ये जनरल मोटर्सने ६.२ लिटर इंजिनाच्या अमेरिकेतल्या जवळजवळ सहा लाख पिकअप आणि मोठ्या गाड्या परत बोलावल्या. क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉड यांच्या बनावटीत दोष. ज्या गाड्यांत बिघाडाची चिन्हे दिसली त्यांना दुरुस्ती किंवा नवे इंजिन. बाकीच्यांना काय, तर पूर्वीपेक्षा घट्ट ऑइल आणि ऑइलचे नवे झाकण. जे ऑइल इंधन वाचवायला पातळ केले होते तेच घट्ट करून दिले. ही बातमी वाचली तेव्हा मला आपल्याकडचे जुने मिस्त्री आठवले. इंजिन थकले की 'जरा जाड ऑइल टाका' हा त्यांचा पहिला सल्ला असे.

आपल्या महाराष्ट्राला हा इतिहास परका नाही. १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीने जर्मनीतल्या 'टेम्पो' कंपनीच्या सहकार्याने मालवाहू तीनचाकी आणली, पुढे आकुर्डीत मॅटाडोर काढली. जर्मनीतला टेम्पो केव्हाच इतिहासजमा झाला, २००५ साली आपल्याकडच्या कंपनीनेही नाव बदलून फोर्स मोटर्स केले, पण मराठीत टेम्पो राहिला तो राहिलाच. आज रस्त्यावरून कुठल्याही कंपनीची लहान मालगाडी जाऊ दे, आपण म्हणतो 'टेम्पो आला'. १९८६ साली टाटांची ४०७ आली. २००५ साली सुमारे सव्वादोन लाख रुपयांत टाटा एस आली, तिला लोकांनी 'छोटा हत्ती' केले. दोन सिलिंडरचे सातशे सीसीचे इंजिन. हत्तीवर लादायचे ओझे मात्र लोकांनी खरेच हत्तीचे केले. मागे एक जादा पाटा टाकून घ्यायचा आणि क्षमतेच्या दुप्पट माल भरायचा, हे आपण सर्रास पाहिले आहे. गाडीच्या बनावटीला शिव्या घालताना हा पाटाही मोजला पाहिजे.

तरीही आपल्या टेम्पोवाल्याची तक्रार उरतेच. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे निकष लागू झाले. डिझेल गाड्यांत धूर गाळणारी, तपासणारी यंत्रणा आली, सेन्सर वाढले. हवा सुधारायची तर हे हवेच. पण घाटात दिवा लागून गाडीची ताकद अचानक उतरली, तर तिथला मिस्त्री आता काय करणार? त्याच्याजवळ पाने आहेत, हात आहेत, अनुभव आहे. गाडीशी बोलणारा कॉम्प्युटर नाही. गाडी टोचन लावून शहरात न्यायची. तोवर हौद्यातले टोमॅटो थांबत नाहीत आणि बँकेचा हप्ताही थांबत नाही. 'पत्रा राहिला नाही' म्हणताना त्याला बहुधा हेच म्हणायचे असते. पूर्वीची गाडी जास्त वेळा बिघडायची, पण जिथे बिघडायची तिथेच उठायची. आताची क्वचित बिघडते आणि बिघडली की मालक आणि मिस्त्री दोघेही तिच्यापुढे परके होतात.

अमेरिकेत याच परकेपणाविरुद्ध लोक मतपेटीपर्यंत गेले. मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मतदारांनी मोठ्या बहुमताने कायदा मंजूर केला, की कंपनी आपल्या सेवा केंद्राला दुरुस्तीची जी माहिती आणि जी साधने देते, ती बाहेरच्या गॅरेजलाही विकत मिळाली पाहिजेत. २०२० साली तिथल्याच मतदारांनी गाडीतून बिनतारी पाठवल्या जाणाऱ्या माहितीपर्यंत हा हक्क वाढवला. कंपन्या त्यावर कोर्टात गेल्या.

आणि गंमत पाहा, बाजारही थोडा मागे वळून पाहू लागला आहे. टोयोटाने २०२३ च्या नोव्हेंबरात थायलंडमध्ये 'हायलक्स चॅम्प' आणली. साधी, चौकोनी, हौदा बोल्टने जोडलेला. हवी तर नुसती चासीही मिळते. गिऱ्हाइकाला पुढे काय बसवायचे ते बसवता यावे म्हणून गाडीत जागोजाग भोके आधीच ठेवलेली. १९१७ च्या टीटीला ही बहीण शोभेल. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत स्लेट नावाच्या नव्या कंपनीने विजेवर चालणाऱ्या लहान पिकअपचा नमुना दाखवला. तिला रंग नाही, पडदा नाही, काचा हाताने हँडल फिरवून खाली करायच्या, आणि पुष्कळशी जोडजाड मालकाने घरीच करायची, अशी ती योजना. आकाशवाणीवाल्यांना फक्त एकच गोष्ट खटकेल. तिच्यात रेडिओ नाही. हवा असेल तर आपला आपण आणून ठेवायचा.